राखून ठेवलेली जागा

सप्टेंबर संपत आला की आमच्या घरामागच्या उतारावरून ट्रॅक्टर खाली यायला लागतात. मागच्या गाडीत द्राक्षांचे ढीग, वळणावर सांडलेला चिकट रस आणि त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या. खिडकी उघडी राहिली तर तो आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात येतो. जर्मनीतल्या आमच्या या नेकारसुल्मची माणसं या दिवसांची वर्षभर वाट बघतात. अर्धवट आंबलेली ढगाळ रंगाची नवी वाइन आणि तिच्याबरोबर कांद्याचा गरम केक, असा त्यांचा थाट असतो. माझं माहेर नाशिकचं. आमच्याकडे द्राक्षं उतरतात ती फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. इथे आले तेव्हा स्वेटर-टोपी घालून घड तोडणारी माणसं बघून मला हसू यायचं. आता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या शरदापासून हा वास नाकात शिरला की मी नकळत चाचपून बघते, फोन कुठे ठेवलाय.

त्या शरदात आमच्या घरात तीन माणसं एका फोनची वाट बघत होती.

निनाद, आमचा एकुलता एक मुलगा, तेव्हा अठराचा होता. गिम्नाझियमचं शेवटचं वर्ष, पुढच्या वसंतात आबिटूर, म्हणजे आपली बारावी. शेखर, माझा नवरा, इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी रोज हाइलब्रॉनला जाते, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एखादी गोष्ट कुठे मोडेल हे ती मोडायच्या आधी शोधायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या शरदात मात्र सगळं माझ्या डोळ्यांसमोर मोडत गेलं आणि मला एकही तडा आधी दिसला नाही.

निनाद लहानपणापासून अंगाने थोराड. शाळेत फुटबॉल खेळताना पोरं त्याला गोलात उभं करायची, कारण तो उभा राहिला की गोल अर्धा झाकला जायचा. बाराव्या वर्षी एक वर्गमित्र त्याला नेकार नदीच्या काठावरच्या क्लबात घेऊन गेला, अमेरिकन फुटबॉल खेळायला. हेल्मेट, खांद्यांवर कवच, दातांत रबराचा तुकडा. तिथला प्रशिक्षक योर्ग दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडायचा. त्याने निनादकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याला ओळीत उभं केलं. या ओळीतल्यांचं काम सांगायला सोपं आहे. मागे उभा असलेला गडी चेंडू फेकेपर्यंत त्याच्या अंगावर कुणाला येऊ द्यायचं नाही. आख्ख्या सामन्यात चेंडू हाताला लागत नाही. पहिला सामना बघून शेखर वैतागून म्हणाला होता, "अरे, याला एकदा तरी चेंडू द्या की!"

निनाद घरी येऊन, पायातले चिखलाचे बूट न काढताच, जर्मनमध्ये म्हणाला होता, "पापा, आज त्याला कुणीही पाडलं नाही. एकदाही नाही." आमचं मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. त्या दिवशी ते कुठल्या भाषेत आलं याकडे आमचं लक्षही गेलं नाही, इतका तो खूश होता.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने त्याचे व्हिडिओ बघितले. मग फोन, मग व्हिडिओ कॉल. गडगडाटी आवाजाचा, लाल चेहऱ्याचा माणूस. तो मला "मॅम" म्हणायचा आणि शेखरला "सर". त्याने शब्द दिला: शिक्षण, राहणं, जेवण, सगळं विद्यापीठाकडून. कागदावर सह्या डिसेंबरात व्हायच्या होत्या. "पण माझ्यासाठी हे आजच पक्कं आहे," तो म्हणाला. "निनाद, तुझी जागा मी राखून ठेवली आहे." निनादने फोन ठेवला आणि खालच्या तळघरात जाऊन बराच वेळ दोरीवरच्या उड्या मारत राहिला. वर जेवणाच्या टेबलावरची भांडी हलत होती.

दुसऱ्या बाजूला कारखाना होता. शेखरच्या आग्रहावरून निनादने तिथेही अर्ज केला होता. काही महिने कारखान्यात काम, काही महिने कॉलेज, सगळा वेळ पगार, आणि शेवटी बहुतेक वेळा नोकरी. इथल्या आईबापांच्या दृष्टीने मुलाच्या आयुष्याचं याहून चांगलं काही होऊ शकत नाही. निनादची निवड झाली. फेरट्राग, म्हणजे करारपत्र, घरी आलं. ऑक्टोबर संपायच्या आत सही करून परत द्यायचं होतं.

एकीकडे सहीची तारीख, दुसरीकडे नुसता शब्द. सप्टेंबरात तरी आम्हाला ते ओझं वाटत नव्हतं. शेखर क्लबातल्या लोकांना सांगत सुटला होता की आमच्या पोराच्या दोन्ही हातांत लाडू आहेत.

एका सकाळी निनाद टोस्टवर लोणी लावता लावता थांबला. सुरी हवेत, डोळे फोनवर.

"ते चाललेत," तो म्हणाला.

"कोण?"

"युनी. दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये."

मला काही कळलं नाही. मग त्याने शाळेची बस चुकवून मला समजावलं. तिकडे विद्यापीठांचे गट असतात, त्यांनाच कॉन्फरन्स म्हणतात. एका गटातली विद्यापीठं एकमेकांशी खेळतात, बहुतेक एका भागातली, बसने जाता येईल अशी. आजोबांच्या काळापासूनच्या खुन्नस. शेजारच्या राज्याला हरवलं की गावभर मिरवणूक. पण टीव्हीचे पैसे मिळतात ते गटाला, आणि ज्या गटात जास्त बघितले जाणारे संघ त्याला कितीतरी जास्त. म्हणून मोठी नावं आपापले जुने गट सोडून एकमेकांशेजारी जाऊन बसू लागली होती. एक उठला की उरलेल्यांची धांदल उडते, आपण मागे राहू म्हणून. निनादचं विद्यापीठही उठलं होतं. आता त्याच्या संघाला सामन्यांसाठी खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानाने जावं लागणार होतं.

"मग तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काही नाही. मोठी कॉन्फरन्स म्हणजे चांगलंच ना?" तो म्हणाला. पण टोस्ट तसाच राहिला.

रविवारी चिंचवडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. काड्या बाजूला करत त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण ही कॉलेजं आहेत ना? मग सर्कशीसारखी तंबू घेऊन कुठे निघालीत?"

"आई, पैसा आहे हो त्यात."

"ते कळलं. पण आपल्या पोराला यांचा तंबू सापडणार कसा?"

योर्गला मी मैदानावर गाठलं. नदीवरून धुकं वर येत होतं, पोरं सरावाची लोखंडी गाडी खांद्याने ढकलत होती, आणि गवतात रुतणाऱ्या तिच्या पट्ट्यांचा कर्र कर्र आवाज होत होता. योर्ग हात चोळत म्हणाला, "आल्झो, हे बघा, इथे जो जिंकतो तो वरच्या गटात जातो, हरतो तो खाली येतो. तिकडे ज्याला प्रेक्षक जास्त तो वर जातो. मैदानावर काय झालं याचा त्याच्याशी संबंध नाही. मला त्याची भीती वाटते." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "पण नीनो चांगला आहे. खरोखर चांगला आहे." क्लबात निनादला नीनो म्हणतात.

दोन आठवड्यांनी तो लाल चेहऱ्याचा प्रशिक्षक दुसऱ्या, अधिक श्रीमंत विद्यापीठात निघून गेला. निनादला ते बातमीतून कळलं. संध्याकाळी त्या प्रशिक्षकाचा निरोप आला, दोनच ओळींचा: मेहनत करत राहा, माझा तुझ्यावर विश्वास आहे. राखून ठेवलेल्या जागेबद्दल त्यात काही नव्हतं. निनादने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एक अंगठा पाठवला.

आणि मग ती तिसरी गोष्ट. पुढच्या वर्षापासून विद्यापीठं आपल्या कमाईतला वाटा थेट खेळाडूंना देणार, असं सगळीकडे बोललं जायला लागलं होतं. शेखरला ते ऐकून बरं वाटलं. "योग्यच आहे," तो म्हणाला. "लाख लाख माणसं तिकिटं काढून बघतात, टीव्हीवर जाहिराती चालतात, आणि गुडघा फुटतो त्याला काही नाही? इतकी वर्षं हेच चुकीचं चाललं होतं." मलाही ते पटलं, अजूनही पटतं. पण घरात बसून न्यायाचा विचार करणं सोपं असतं. न्याय जिथे पोचतो तिथे कुणीतरी आधीच उभं असतं, आणि त्याला सरकावं लागतं. वाटा द्यायचा म्हटल्यावर संघात किती जण ठेवायचे याला मर्यादा येणार होती. पैसे मोजायचेच तर कोवळा, दुसऱ्या देशातला, अठरा वर्षांचा मुलगा घेऊन तीन वर्षं घडवत कशाला बसायचं? दुसऱ्या विद्यापीठातला बावीस वर्षांचा तयार गडी घ्यावा. खेळाडूंनाही आता हवं तेव्हा विद्यापीठ बदलायची मोकळीक होती. त्यात निनाद विद्यार्थी व्हिसावर जाणार. असा वाटा घेतला तर ते काम धरलं जाईल आणि व्हिसाच अडचणीत येईल, असं सगळे सांगत होते.

"मला वाटा नकोच आहे," निनाद म्हणाला. "मला फक्त ओळीत उभं राहायचंय."

ऑक्टोबरात घराचा आवाज बदलला. तळघरातली दोरी थांबली. फोन जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या भांड्याशेजारी, उघड्या तोंडाने पडलेला असायचा. कुणाच्याही फोनची घंटी वाजली की तिघांचे हात थबकायचे. नवा प्रशिक्षक कोण, हे ठरेना. ठरला तरी तो बोलेना. निनादचे मेल जायचे, आणि "लवकरच संपर्क करू" असं गोड, कोरडं उत्तर यायचं. आणि मला सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे त्याचं खाणं कमी झालं. या खेळात ओळीतल्या माणसाने वजन टिकवायचं असतं, एरवी हा मुलगा भाताचा कुकर एकटा संपवायचा. आता तो चमच्याने वरणात रेघा ओढत बसायचा. मी पोळीला तूप जास्त लावायचे, त्याच्या नकळत. त्याला कळायचं.

बाहेर द्राक्षांच्या वेली पिवळ्या, मग लाल होत होत्या. ट्रॅक्टर कमी झाले. शेवटचे काही मळे मुद्दाम उशिरा तोडतात, गोडी वाढावी म्हणून. एका रात्रीचा पाऊस किंवा थंडी सगळं नासवू शकते, तरी मळेवाला थांबतो. ऑफिसला जाताना त्या न तोडलेल्या ओळींकडे बघून माझा जीव वरखाली व्हायचा. तोडून टाका की एकदाचं, असं ओरडावंसं वाटायचं.

सहीची तारीख जवळ आली तसा शेखर एका शनिवारी दुपारी निनादच्या खोलीत जाऊन बसला. मी दारात.

"हे बघ," शेखर म्हणाला, "फेरट्रागवर सही करून टाक. अमेरिकेचं डिसेंबरात पक्कं झालं तर इथे कळवू, येत नाही म्हणून. सुरू व्हायला अजून वर्ष आहे. नियमात बसतं. सगळे तेच करतात."

मला ते अगदी बरोबर वाटलं. योर्गनेही हेच सुचवलं होतं. अंगणात पाऊस पडत असेल तर माणूस छत्री घेऊनच निघतो ना?

निनाद खुर्ची डावी-उजवीकडे हलवत राहिला. मग त्याने विचारलं, "माझ्यामागे कुणी आहे का?"

"म्हणजे?"

"त्या जागेसाठी. वाट बघणारं."

"असेल. असतातच. तुला काय करायचंय?"

निनाद म्हणाला, "जा, गेनाऊ," म्हणजे हो, तेच तर. आणि खुर्ची टेबलाकडे फिरवली. आम्हाला वाटलं, पटलं.

सोमवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मी भेंडीची भाजी केली होती, तुर्की दुकानात चांगली भेंडी मिळाली म्हणून. निनाद म्हणाला, "मी आज कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात जाऊन आलो. तिथल्या बाईंना भेटलो."

"सही दिलीस?" शेखरने विचारलं.

"नाही. सांगितलं की जागा नको. दुसऱ्या कुणाला द्या."

शेखरचा हात ताटावरच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, माझं धाडसच झालं नाही.

"अमेरिकेहून फोन आला का?" शेखरचा आवाज अगदी शांत होता, आणि तो असा शांत झाला की मला भीती वाटते.

"नाही."

"मग तुझ्याकडे आता काय आहे?"

"काही नाही."

"निनाद, तू डोक्यावर पडलायस का? मी तिथे सतरा ठिकाणी... अरे, लोक त्या जागेसाठी..." त्याचं वाक्य पुरं होईना.

निनादचा चेहरा लाल झाला होता. तो जर्मनमध्ये, पण सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलला. "पापा, मला अमेरिका हवीय. तुम्हाला माहितीय, मला माहितीय. मी सही केली असती ती खोटी असती. तिकडे माझ्या जागेवर कुणीतरी तसंच बसलंय, घ्यायचं की नाही ते न ठरवता. आणि मी इथे रोज फोनकडे बघतोय. माझ्यामुळे अजून कुणीतरी तसं फोनकडे बघत बसावं, हे मला जमणार नाही."

"जगात असं कुणी वागत नाही!"

"माहितीय," निनाद म्हणाला. "म्हणूनच तर हे असं झालंय."

शेखर उठला. जॅकेट न घालता मागच्या अंगणात गेला आणि अंधारून आलेलं असताना पानं गोळा करायला लागला. दाताळ्याचा आवाज फरशीवर इतका जोरात येत होता की शेजारच्या बाईंनी पडदा सरकवून बघितलं. मी निनादसमोर बसून राहिले. त्याला जवळ घ्यावं की एक द्यावी ठेवून, हे मला खरंच कळत नव्हतं. शेवटी मी त्याच्या ताटात भेंडी वाढली. त्याने ती खाल्ली नाही.

पुढचे दिवस आम्ही तिघे एकमेकांच्या कडेकडेने वावरलो. सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं पांढरं दव खरवडताना शेखर कधी नव्हे तो काचेलाच शिव्या घालायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये ट्रेनिंग विभागातल्या त्या बाई त्याला भेटल्या, हात हातात घेऊन काहीतरी चांगलं बोलल्या. त्याने ते मला खूप नंतर सांगितलं. तेव्हा त्याला फक्त एवढंच दिसत होतं की पोराने स्वतःच्या हाताने पायाखालची फळी काढून टाकली आहे. निनाद मात्र रोज मैदानावर जायचा. दिवे लागलेले, तोंडातून वाफ, आणि लोखंडी गाडी एकटाच ढकलणारा तो. मी थर्मास घेऊन कुंपणाशी उभी राहायचे. वाटायचं, हे पोर आता कशाच्या आधारावर उभं आहे? विचारायची हिंमत झाली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला. संध्याकाळचे पाच वाजत होते, इथे तेव्हा काळोख होतो, तिकडे सकाळ. नवा प्रशिक्षक तरुण होता, टोपी मागे ढकललेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आम्ही दोघे टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात न दिसता बसलो होतो.

तो म्हणाला, "तुझे सगळे सामने मी बघितले. तू मला आवडलास. पण माझ्याकडे तुला द्यायला जागा नाही."

निनादच्या मानेची शीर मला दिसत होती.

"ती कुणाला दिली?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मोठा आहे तो तुझ्याहून. तीन वर्षं खेळलाय. दुसऱ्या कॉन्फरन्समधून येतोय."

"हे कधी ठरलं?"

पलीकडच्या माणसाने नजर खाली वळवली. "झाले काही आठवडे."

"मग मला कळवलं का नाही?"

त्याने टोपी काढली, केसांतून हात फिरवला. मला वाटलं आता तो काहीतरी गुळगुळीत बोलेल. पण तो म्हणाला, "कारण त्याने शेवटच्या क्षणी नाही म्हटलं असतं तर मला तू हवा होतास. इथे प्रत्येक जण कुणाला तरी असा धरून ठेवतो. मलाही धरून ठेवलं होतं, ही नोकरी मिळेपर्यंत. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही."

"फोन केल्याबद्दल आभार," निनाद म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

भिंतीवरच्या हीटरमध्ये पाणी खळखळत होतं. मी शेखरकडे बघत होते. आता तो म्हणेल, मला खात्री होती. मी सांगितलं होतं, ऐकलं असतंस तर. ते शब्द त्याच्या तोंडाशी आलेले मला दिसत होते, आणि ते बाहेर आले असते तर या घरात पुढची कित्येक वर्षं काहीतरी तुटलेलं राहिलं असतं.

"जेवायला काय आहे?" निनादने विचारलं.

"आमटी-भात," मी म्हटलं.

शेखर उठला. मला बसवून स्वतः त्याने ताट वाढलं. भाताचा डोंगर, त्यावर आमटी. मग तुपाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "तूप घे. वजन उतरलंय तुझं."

निनाद खात राहिला. मध्येच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याने ते बाहीने पुसलं आणि पुन्हा भात मागितला. शेखरने पुन्हा वाढला.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. निनादने वसंतात आबिटूर दिली. योर्ग आणि तो मिळून कितीतरी छोट्या कॉलेजांना व्हिडिओ पाठवत राहिले, आणि उन्हाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, बर्फाच्या प्रदेशातल्या एका कॉलेजाने त्याला घेतलं. अर्धी शिष्यवृत्ती, उरलेलं आम्ही बघतो. स्टेडियम म्हणजे एका बाजूला लाकडी बाकं आणि दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत. यंदा त्याचं दुसरं वर्ष. तो ओळीत उभा राहतो, आणि शनिवारी आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडून बघतो.

सुटलो, असं मात्र नाही. मोठ्यांनी केलेली उलथापालथ आता तिथवर पोचली आहे. त्यांच्या छोट्या गटातली दोन कॉलेजं वरच्या गटात निघाली आहेत, उरलेल्यांनी काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. खेळाडूंना वाटा द्यायचा तर तो आणायचा कुठून, आणि द्यायचा नाही तर चांगले खेळाडू थांबतील का? फुटबॉल बंद करून टाकावा, असंही कॉलेजात कुणी कुणी बोलतं. गेल्या महिन्यात निनाद म्हणाला, "मामा, इथे कुणी बॅग पूर्ण रिकामी करत नाही." मामा म्हणजे आई, इथल्या पोरांच्या तोंडी. मी विचारलं, "आणि तू?" तो हसला. "माझी कपाटात लावलीय सगळी." मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली, दोन्ही एकदमच. खिडकीतून द्राक्षांचा वास येत होता.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी शेखर त्याच्या विभागात शिकायला असलेल्या मुलामुलींना घरी फराळाला बोलावतो. जर्मन पोरं चकली आधी हुंगून बघतात, मग डबा रिकामा करतात. यंदा फ्रान्झी नावाची दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली होती. ओरिंगेनजवळच्या खेड्यातली, लालसर गालांची, हात कामाचे. घरी गाई आहेत म्हणाली, आणि घड्याळाकडे अधूनमधून बघत होती. बाकीची मुलं अंगणात गेली, ती मात्र मला कप आवरायला मदत करत थांबली.

"मी खरं तर इथे नसतेच," ती सहज बोलून गेली. "माझं नाव वाट बघणाऱ्यांत होतं. दोन वर्षांपूर्वी वसंतात बाबा गेले, घरी आई एकटी. इथे जागा मिळाली नसती तर मला दूर हॅम्बुर्गला शिकायला जावं लागलं असतं आणि आईने गाई विकल्या असत्या. गिऱ्हाईकसुद्धा येऊन बघून गेलं होतं. मग ऑक्टोबरच्या शेवटी कारखान्यातून फोन आला. मी गोठ्यातच होते. कुणीतरी जागा सोडली होती, अगदी वेळेत."

शेखर चिवड्याचं भांडं घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"कोण होता कोण जाणे," फ्रान्झी कप पुसत म्हणाली. "त्याला नक्की याहून मोठं काहीतरी मिळालं असणार."

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं."

तिने वर बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

मी शेखरकडे बघितलं. शेखरने भांडं ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि सरळ उभा राहिला.

"तो माझा मुलगा," तो म्हणाला.

फ्रान्झीने कप खाली ठेवला. हातातलं फडकं तिने घट्ट धरलं होतं. मग तिने विचारलं, "तो कुठे आहे आता?"

"अमेरिकेत. आज सहा वाजता त्याचा सामना आहे," शेखर म्हणाला. "थांबतेस?"

तिने खिडकीबाहेर उतरत्या उजेडाकडे बघितलं, फोन काढला आणि आईला म्हणाली, "आज दूध तू काढ. मला यायला उशीर होईल."